कॅनभर मऊ पाणी

त्या गावात नळाला पाणी भरपूर यायचं, पण त्या पाण्याचं सुख कुणाला नव्हतं. दिसायला काचेसारखं स्वच्छ, आणि जिथे सुकेल तिथे पांढरी खूण ठेवून जाणार. नळांच्या तोंडांना खार धरायचा. शॉवरची भोकं सुईने टोकरावी लागायची. किटलीच्या बुडाशी अंड्याच्या कवचासारखा थर बसायचा आणि चहावर साय यावी तसा तवंग यायचा. वाटाणे आदल्या दिवसापासून भिजत घातले तरी शिजताना हट्टाला पेटायचे. धुतलेला टॉवेल दोरीवरून काढून जमिनीवर ठेवला, तर तो आपला आपण उभा राहायचा. बाहेरगावचा पाहुणा हात धुवायला गेला की साबण चोळत बसायचा, चोळत बसायचा, आणि शेवटी हात पुसत म्हणायचा, "फेसच होत नाही हो!" मग घरचे लोक हसायचे. "पाणी जड आहे आमचं," म्हणायचे. "माणसंही त्याच्यावरच गेलीत."

मावशींना या पाण्याचं काही वाटत नव्हतं. जन्मच तिथला. दातांच्या दवाखान्यात त्या कामाला होत्या. सकाळी झाडलोट, मग दिवसभर पेशंटला आत सोडणं, चूळ भरायचे पेले धुणं, रडणाऱ्या मुलांची समजूत काढणं. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणत, म्हणून गल्लीतही मावशी, बसमध्येही मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचा, आणि गेल्या वर्षी त्याचं लग्न झाल्यापासून घरात सून होती.

खरं तर सुनेने मुलासोबत जायचं होतं. पण बंदरावर तो आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे बायकोला नेणार कुठे? "खोली मिळाली की लगेच नेतो," असं तो सांगून गेला, आणि खोली काही मिळेना. तोवर सून सासूजवळ राहिली. डोंगराकडच्या गावातली मुलगी. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण केस! लग्न होऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा खालच्या मजल्यावरची शिंपीण मशीन थांबवून बघत राहिली होती. "अहो मावशी, सून आणलीत की पडदा?" म्हणाली. कमरेच्या खाली जाणारे, दाट, काळेभोर केस.

त्या केसांना पाण्याने पहिल्याच आठवड्यात इंगा दाखवला. ती न्हायली आणि केसांना जणू डिंक लागला. साबण निघेना आणि फेसही होईना. वाळल्यावर हात घातला तर काथ्यासारखे राठ. पुढे फणीत केस यायला लागले, मग उशीवर, मग मोरीच्या जाळीत. मावशी सकाळी अंघोळीला गेल्या की जाळीत अडकलेला गुंता बोटाने उचलून केरात टाकायच्या आणि मनात म्हणायच्या, 'नवं पाणी आहे. होईल सवय.' तोंडानेही एकदा म्हणाल्या, "आम्हाला नाही झाली का सवय?" सून नुसती मान हलवून वाटाण्यांकडे बघायला निघून गेली.

मुलाचा फोन आला की ती तो घेऊन गॅलरीत जायची. दार लोटून घ्यायची. मावशींना आतून नुसती कुजबुज ऐकू यायची, आणि मधूनच बराच वेळ काहीच नाही. फोन नंतर मावशींकडे यायचा, तेव्हा मुलगा घाईत असायचा. "बरी आहेस ना आई? औषध घेतेस ना?" संपलं. फोन ठेवताना मावशींना वाटायचं, सगळं बोलणं बाहेर होऊन जातं, आपल्या वाट्याला उरतं ते बुडाशी राहिलेलं.

"कुठंतरी पाणी मुरतंय," शिंपीण म्हणायची. "पोरगी रमली नाहीये तुमच्याकडे. बघा हां, एक दिवस माहेरी जाईल ती परत यायची नाही."

"तुझं मशीन बघ तू," मावशी तिला फटकारायच्या. पण जिना चढताना तेच शब्द त्यांच्या पायात यायचे.

एक दिवस मावशी दवाखान्यातून घरी आल्या आणि दारातच थांबल्या. सून ओट्याशी पाठमोरी उभी होती. मान उघडी. केस मानेपर्यंत कापलेले, आणि तेही नीट नाहीत. एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. शिंपिणीची कात्री टेबलावर होती.

"हे काय केलंस?"

"कापले."

"ते दिसतंय मला. विचारायचं तरी एकदा!"

सून वळली. तिचे डोळे कोरडे होते, हे मावशींना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. "कुणाला विचारू?" ती म्हणाली. "ज्याला आवडायचे तो इथे नाही. जी धुवायची तीही इथे नाही."

पिशवी खाली ठेवून मावशी खुर्चीवर बसल्या. मग सूनही बसली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सलग बोलली. तिच्या माहेरी अंगणात नळ होता. पाणी डोंगरातल्या झऱ्याचं, असं मऊ की हातावरचा साबण धुऊन धुऊन जायचा नाही. दर रविवारी आई तिला पुढ्यात बसवून न्हाऊ घालायची. लग्न ठरलं तरी घालायची, लग्नाच्या आदल्या रविवारीही घातलं. "आई फार बोलत नाही," सून म्हणाली. "पण तिचा हात डोक्यावरून फिरायला लागला की मला सगळं समजायचं. इथे केस धुवायला बसलं की नुसता राग येतो. गुंता सोडवता सोडवता हात दुखतात आणि मला आईचा हात आठवतच नाही हो. मला भीती वाटली, विसरले तर?"

मावशींनी कात्री उचलली, सुनेला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि लांब राहिलेली बाजू कापून दुसरीच्या बरोबरीला आणली. तेवढंच त्यांना जमण्यासारखं होतं. कात्री परत द्यायला खाली गेल्या, तेव्हा शिंपीण काहीतरी बोलायला तोंड उघडणार होती. पण मावशींचा चेहरा बघून तिने दोरा सुईत ओवायला घेतला.

त्या दिवसापासून दवाखान्यात पेले विसळताना, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, मावशींना ती उघडी मान दिसायची.

दवाखान्याच्या मागच्या बोळात एसीची नळी ठिबकायची. पायरी निसरडी होते म्हणून मावशींनी तिच्याखाली एक बादली ठेवून दिली होती. उन्हाळ्याचे दिवस, एसी दिवसभर चालू. दुपारपर्यंत बादली निम्मी व्हायची आणि मावशी ती गटारात ओतून द्यायच्या. एकदा नळाचं पाणी गेलं असताना त्यांना फडकं धुवायचं होतं. म्हटलं, ही बादली तरी कामाला येऊ दे. फडक्याला साबणाची वडी नेहमीसारखी जोर लावून घासली आणि पाण्यात बुडवलं, तर बादलीभर फेस! हाताच्या कोपरापर्यंत फेस, पायरीवर फेस. मावशी बघतच राहिल्या. एवढा फेस त्यांनी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या गावीच कधीतरी पाहिला होता.

ओल्या हातांनीच त्या आत गेल्या. डॉक्टरीणबाई एका पेशंटच्या दाढेत वाकल्या होत्या.

"बाई, एसीतून गळतं ते पाणी कसलं असतं?"

"हवेतलं, मावशी. खोलीतली वाफ थंड होऊन गळते. त्यात क्षार नसतात काही. का?"

"म्हणजे मऊ?"

"एकदम मऊ. पिऊ मात्र नका हं, आतली धूळबिळ असते."

पेशंट तोंड उघडं ठेवून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. मावशी परत बोळात गेल्या. बादली घासूनपुसून लख्ख केली, नळीचं तोंड पुसलं, वर धुतलेलं पातळ कापड बांधलं. संध्याकाळी त्यात जमलेलं पाणी कापडातून पुन्हा गाळून एका रिकाम्या कॅनमध्ये भरलं आणि कॅन मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसल्या.

"मावशी, तेल घेतलं की काय?" कंडक्टरने विचारलं.

"हवा आहे," मावशी म्हणाल्या.

घरी सुनेला सांगितलं तेव्हा तिने आधी कॅनकडे आणि मग सासूकडे बघितलं. "एसीचं पाणी? डोक्यावर?" आणि ती हसली. घरात आल्यापासून एवढी मोकळी ती कधी हसली नव्हती. तिचा एक दात किंचित दुसऱ्यावर चढलेला आहे, हे दातांच्या दवाखान्यात जन्म काढलेल्या मावशींना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

रविवारी पाणी पातेल्यात कोमट केलं. मोरीत छोटं स्टूल मांडलं. सून पाठमोरी बसली आणि मावशी मागे उभ्या राहिल्या, हातात तांब्या घेऊन. त्यांना एकच मुलगा. त्याचं डोकं म्हणजे दोन तांबे ओतले आणि पंच्याने खसाखसा पुसलं की झालं. मुलीचं डोकं कसं धुतात? भीत भीत त्यांनी पाणी ओतलं, साबण लावला, आणि बोटांमधून फेस असा फुगून वर आला की त्यांना हसूच फुटलं. "बघ, बघ, दूध उतू जातंय जसं!" त्या म्हणाल्या. मावशी कानांमागे, मानेच्या खळगीत, कपाळाशी बोटं फिरवत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हिचे खांदे हलतायत.

"डोळ्यांत गेलं का गं?"

"नाही."

"थांब, पाणी ओतते."

"नको. राहू द्या हात तसाच. थोडा वेळ."

मावशींनी हात तसाच ठेवला. बाहेर गल्लीत कुणीतरी गालिचा झटकत होतं, खाली मशीन चालू होतं. कोमट पाणी पातेल्यात निवत होतं. मावशींना वाटलं, निवू दे.

मग दर रविवार तसाच. आठवडाभर मावशी कॅन आणायच्या, रविवारी मोरीत स्टूल यायचं. पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं, हे दोघींनाही कळलं. सून माहेरचं सांगायची. मावशी मुलाच्या लहानपणचं सांगायच्या: तो झाडावर चढायचा आणि उतरता येत नाही म्हणून तिथेच बसून अभ्यास करायचा. "म्हणून क्रेनवर गेला वाटतं," सून म्हणाली. दोघी हसल्या आणि मग दोघी एकदमच गप्प झाल्या. घरातल्या दोन्ही बाया एकाच माणसाची वाट बघत होत्या, पण इतके दिवस दोन वेगळ्या खोल्यांत बसून. त्यानंतर फोन आला की सून गॅलरीत जायची खरी, पण दार लोटायची नाही.

केस वाढायला लागले. राठपणा गेला. शिंपीणही एकदा हात लावून बघून गेली.

थंडी आली आणि दवाखान्यातला एसी बंद झाला. बोळातली बादली कोरडी पडली. मावशींनी थोडे दिवस कळ काढली. मग एका सकाळी पेशंट यायच्या आधी कुणाचं लक्ष नाही असं बघून एसी चालू केला. तासाभराने डॉक्टरीणबाईंनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "मावशी! यांचे दात वाजतायत. मी भरू कसे?"

खुर्चीतले गृहस्थ खरंच कुडकुडत होते. मावशींनी एसी बंद केला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. ऐकताना डॉक्टरीणबाईंना हसू येत होतं, पण शेवटपर्यंत ऐकल्यावर आलं नाही. "अहो, थंडीत हवेतच पाणी नसतं फारसं," त्या हळूच म्हणाल्या. "लावूनही काही मिळायचं नाही. नळाच्याच पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून शेवटचं पाणी घ्या. थोडा फरक पडेल."

रविवारी मावशींनी सुनेला हे असं सांगितलं, जसं काही गुन्हाच कबूल करतायत. सुनेने स्टूल ओढलं. "मग व्हिनेगर तर व्हिनेगर," ती म्हणाली. "तुम्ही या तर."

त्या थंडीत घरभर लोणचं घातल्यासारखा वास असायचा. फेस व्हायचा नाही, केस पुन्हा थोडे अडकायचे. पण एकही रविवार चुकला नाही.

आणि उन्हं परत तापायला लागली त्या सुमारास मुलाचा फोन आला. या वेळी त्याने आधी आईला मागितलं. "आई, खोली मिळाली! खिडकीतून समुद्र दिसतो. तिला पाठव." मग थोडं थांबून म्हणाला, "तूही ये ना."

मावशींना दोन वाक्यांमधलं ते थांबणं ऐकू आलं. त्यात त्याचा दोष नव्हता. तरण्याताठ्या माणसाने वर्षभर बायकोविना काढलं होतं. "मी येऊन काय करू?" त्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "दवाखाना कोण झाडेल? तुम्ही दोघं सुखात राहा." फोन सुनेच्या हातात देऊन त्या ओट्याशी गेल्या आणि किटली घासायला घेतली. किटली सकाळीच घासलेली होती.

जायच्या आधीचा रविवार आला. एसी पुन्हा सुरू झाला होता, कॅन भरला होता. मावशींनी पाणी कोमट केलं, स्टूल मांडलं. सून आली आणि उभीच राहिली.

"आज तुम्ही बसा."

"काहीतरीच. माझे काय केस आहेत? पांढरी शेपटी नुसती. फुकट जाईल पाणी."

"बसा ना, आई."

मावशी बसल्या. जन्मभर त्याच पाण्याने धुतलेले त्यांचे केस झाडूच्या काड्यांसारखे ताठ झाले होते. सुनेने अंबाडा सोडला, मानेवर हात ठेवून डोकं पुढे झुकवलं आणि पाणी ओतलं. पाणी कानांवरून, डोळ्यांवरून ओघळलं. मग बोटं आली. आपल्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात शेवटचा कधी लागला होता, हे मावशी आठवायला लागल्या. नवऱ्याचा? तो चांगला होता, पण तसला नव्हता. मुलगा लहान असताना केस ओढायचा, तेवढंच. आठवणीच्या मागे जात जात त्या एका फरशीवर येऊन पोचल्या: जड पाण्याने पांढरी पडलेली फरशी, आईने गुडघ्यांत घट्ट धरलेल्या त्या स्वतः, आणि तिचा आवाज, 'हलू नको गं, झालंच.' तो आवाज त्यांनी कुठे ठेवला होता, त्यांनाच माहीत नव्हतं. मावशींच्या तोंडून हुंदका निघाला.

"डोळ्यांत गेलं का?" सुनेने विचारलं.

"हो," मावशी म्हणाल्या. "गेलं. तू धू."

सून गेली. स्टँडवर सामान चढवून झाल्यावर सून परत खाली उतरली, मावशींच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि पुन्हा चढली. गाडी सुटली.

घरात पहिले दिवस बरे गेले. शिंपीण म्हणाली, "आता आराम करा, मावशी." आराम कसला करायचा, ते मावशींना कळेना. चहा दोन कपांचा व्हायचा. मोरीची जाळी स्वच्छ असायची. त्यात काही अडकायचंच नाही, तरी मावशी रोज वाकून बघायच्या. हात सवयीने बादली लावायचे, कॅन भरायचा, आणि घरी आल्यावर लक्षात यायचं की हे कुणासाठी आणलं. ओतून द्यायचा जीव होईना. शेवटी कॅन खाली शिंपिणीला दिला. तिने तो वाफेच्या इस्त्रीत घातला आणि खूश झाली. "कपड्यांवर एक डाग नाही बघा. रोज आणत जा." मावशी रोज आणत गेल्या. पण इस्त्री ती इस्त्री. तिला पुढ्यात बसवून बोलता येत नाही.

रविवारी फोन यायचा. मुलगा क्रेनचं सांगायचा, खोलीचं सांगायचा. मग सून.

"तिथलं पाणी कसं आहे गं?"

"मऊ आहे, आई. साबण जातच नाही हातावरून."

"आणि केस?"

"खांद्याखाली गेले."

"बरं झालं." मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण धुतं?"

"मीच. एकदा त्यांना बसवलं होतं ओतायला. क्रेनने माल उतरवावा तसं सगळं एकदम ओतलं, कानात गेलं माझ्या."

मावशी हसल्या, पलीकडे सूनही हसली. मागून समुद्राचा की वाऱ्याचा आवाज येत होता.

"आई," सून म्हणाली, "पाणी चांगलं आहे इथलं. पण रविवार रविवारसारखा जात नाही."

"ठेवते गं," मावशी म्हणाल्या. फोन ठेवून त्या मोरीत गेल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या, कोरड्याच. पोरीने 'या' म्हटलं नव्हतं. तिच्या आईनेही कधी तोंडाने म्हटलं नसेल. पण इतके रविवार हात फिरवल्यावर एवढं न कळायला मावशी काही परक्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहिल्या.

"बाई, रजा पाहिजे."

"घ्या की. इतक्या वर्षांत तुम्ही कधी मागितलीत? किती दिवस?"

"ते आत्ता नाही सांगता येत."

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "परत याल ना?"

"यावंसं वाटलं तर येईन," मावशी म्हणाल्या, आणि आपण असं बोलू शकतो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. गाव मागे पडलं. पांढरट टाक्या, पांढरट पत्रे, छपरांवर वाळत घातलेले ताठ कपडे. शेजारी एक बाई बसली होती. तिने पायाशी ठेवलेली पिशवी सरकवून मावशींना जागा करून दिली.

"कुठं, मुलाकडे निघालात?"

मावशी हो म्हणणार होत्या. तीच सवय होती.

"सुनेकडे," त्या म्हणाल्या.